पैसे खात्यात आले, पण आपले झाले का?

वाचक विचारतात

दिवाळी होऊन दोन-तीन महिने गेले की या सदराकडे जी पत्रं येतात त्यात नेहमी कुरियरनं हरवलेली पार्सलं आणि जीएसटीच्या शंका असतात, पण यावेळी इंदूर, देवास, महू कुठूनही पत्र आलं तरी त्यात एकच शब्द, चार्जबॅक, म्हणजे गिऱ्हाइकानं आपल्या बँकेत तक्रार केली की विकणाऱ्याकडून पैसे परत जाणं. कुणाचे साडीचे पैसे परत गेले, कुणाचे शेवेचे. मी स्वतः घरून ऑनलाइन विक्री केलेली आहे आणि २०१९ मध्ये एका चार्जबॅकमध्ये ४,२०० रुपये घालवलेत, तेव्हा मला हा शब्दही माहीत नव्हता, त्यामुळे या पत्रांतली तळमळ मला नीट समजते. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला.

प्रश्न: ताई नमस्कार, मी सुदामा नगरला राहते, चार वर्षं झाली महेश्वरी साड्या ऑनलाइन विकतेय, आधी फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आणि आता स्वतःची छोटी वेबसाइट आहे. फर्म सासऱ्यांच्या नावानं आहे, जुनीच. ऑक्टोबरमध्ये एका बाईंनी ६,८०० ची साडी घेतली, कार्डानं पैसे दिले, चौथ्या दिवशी कुरियरच्या साइटवर डिलिव्हर्ड दिसलं. पैसे खात्यात आले, मी विणकराला देऊनही टाकले. जानेवारीत संक्रांतीनंतर बघते तर सेटलमेंटमधून, म्हणजे ऑनलाइन पेमेंट घेणारी कंपनी (गेटवे) माझ्या खात्यात जे पैसे टाकते त्यातून, ६,८०० कापलेले! गेटवेला फोन केला तर म्हणे कस्टमरनं बँकेत तक्रार केलीये की साडी मिळालीच नाही, आणि आम्ही तुम्हाला मेल केला होता, उत्तराची तारीख निघून गेली. मेल होता खरा, मी जाहिरात समजून उघडलाच नव्हता. साडी पण गेली आणि पैसे पण. हा कुठला न्याय?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. राग येणं अगदी बरोबर आहे, पण आधी काय झालं ते समजून घ्या, कारण हे पुन्हा होणार आहे, तुमच्या बाबतीत नाही तर शेजारणीच्या.

कार्डवाला माणूस आपल्या बँकेकडे जातो आणि म्हणतो हा व्यवहार मला मान्य नाही. ती बँक विसा, मास्टरकार्ड किंवा रुपे जे नेटवर्क असेल त्याच्यामार्फत दुसऱ्या बाजूच्या बँकेकडे पैसे मागते, ती बँक गेटवेकडे, आणि गेटवे तुमच्या पुढच्या सेटलमेंटमधून कापून घेतो. म्हणजे साखळीत जो शेवटी उभा आहे त्याच्या खिशातून आधी जातात आणि भांडण नंतर. याची मुळं अमेरिकेत आहेत, तिथे १९७४ साली फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आला, क्रेडिट कार्डवाल्याला चुकीच्या बिलाविरुद्ध हक्क मिळाला, आणि पुढे कार्ड कंपन्यांचे नियमही त्याच अंगानं बनत गेले. गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा म्हणून ही सोय आहे आणि ती नसती तर इंदूरच्या एका अनोळखी वेबसाइटवर कुणी कार्ड नंबर टाकला असता का, हाही विचार करा.

मुदत किती, तर विसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी १२० दिवस, आणि माल मिळाला नाही अशी तक्रार असेल तर हे दिवस माल मिळायला हवा होता त्या तारखेपासून मोजतात. म्हणून दिवाळीचा माल आणि संक्रांतीचा चार्जबॅक ही जोडी नेहमीची आहे. खात्यात पैसे आले की आपण आपले समजतो, पण कार्डाचे पैसे चार महिने अर्धे-मुर्धेच आपले असतात हे माझं ठाम मत झालंय, आणि माझ्या ओळखीच्या ज्या बायका हे मानून चालतात त्यांची झोप उडत नाही.

नुकसान नुसतं ६,८०० चं नसतं हेही बघा. समजा साडी विणकराकडून ५,२०० ला पडली, फॉल-पिको आणि डबा १२०, कुरियर १५०, गेटवेची २ टक्के फी आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १६० च्या आसपास, म्हणजे ५,६३० खर्च आणि नफा १,१७०. चार्जबॅक हरलात की ते ५,६३० गेले, शिवाय काही गेटवे वरून वेगळी चार्जबॅक फी लावतात (करारात बघा, असते तिथे कुठेतरी खाली). एवढं भरून काढायला अशाच पाच साड्या विकायच्या आणि त्या पाचही सुखरूप पोचायच्या. सीएला हेही विचारा की जीएसटीचं काय, कारण कायद्याच्या कलम ३४ ची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) माल परत आला किंवा सदोष निघाला तर निघते, साडी गिऱ्हाइकाकडेच आणि पैसे बुडाले एवढ्यानं ती निघत नाही, म्हणजे भरलेला टॅक्सही गेला.

आता तुमच्या केसमध्ये मला दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे तुम्ही पत्राबरोबर कुरियरची जी पावती पाठवलीत त्यावर सही सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनची आहे. त्या बाई खोटं बोलतायत असं धरून चालू नका, पार्सल वॉचमनच्या केबिनमध्ये पडून हरवलेलं असू शकतं, आणि मग त्यांची तक्रार खरी आहे आणि तुमचंही म्हणणं खरं आहे, माझ्याच पार्सलबरोबर असं झालेलं आहे. दुसरं म्हणजे वेबसाइटचं नाव एक आणि फर्म सासऱ्यांच्या नावानं. कार्डाच्या स्टेटमेंटवर जे नाव छापून जातं ते बहुधा फर्मचं, आता महिन्याभरानं स्टेटमेंट बघताना त्या बाईंना सासऱ्यांच्या ट्रेडर्सचं नाव दिसलं तर ही आपली साडीवाली आहे हे त्यांना कसं कळावं? बऱ्याच तक्रारी नुसत्या या न ओळखण्यातून होतात. गेटवेला मेल करून स्टेटमेंटवर जाणारं नाव दुकानाचंच करून घ्या, पैसे पडत नाहीत, आणि तोवर ऑर्डरच्या मेसेजमध्ये एक ओळ टाका की बँकेच्या कागदावर अमुक नाव दिसेल.

या ६,८०० चं काय? तारीख गेली असेल तर गेटवे बहुतेक उघडणार नाही, तरी एकदा लेखी विचारा. नेटवर्कनं दिलेली मुदत मोठी असते पण ती दोन बँका आणि गेटवे यांच्यात वाटली जाऊन तुमच्या वाट्याला मोजके दिवस उरतात, म्हणून मेलच्या पहिल्या ओळीतली तारीख बघायची आणि त्याच दिवशी कामाला लागायचं. त्या बाईंना सरळ फोन करा, भांडायला नाही, विचारायला, की ताई पार्सल गेटवर अमक्या तारखेला दिलेलं दिसतंय, मिळालं का. मी असं केलंय आणि एकदा पार्सल खरंच वॉचमनच्या कपाटात सापडलं आणि त्या काकूंनी स्वतःहून पैसे पाठवले. चार्जबॅक हरलं म्हणजे माल फुकट देऊन टाकला असा अर्थ होत नाही, तुमचं येणं उरतंच, वकिलाची नोटीस देता येते, पण ६,८०० साठी कोर्टाची पायरी चढा असं मी सांगणार नाही.

पुढच्यासाठी सांगते, हे भांडण पार्सल बांधतानाच जिंकायचं असतं. बँकेत बसलेला माणूस तुम्हाला ओळखत नाही, तुम्ही किती प्रामाणिक आहात याचा रकाना त्याच्या फॉर्ममध्ये नाहीये, त्याला कागद दिसतो. तीन हजारांवरच्या पार्सलला ओटीपीवर डिलिव्हरी मागा, कुरियरवाले थोडे जास्त घेतात, द्या. बिल, पत्ता, डिलिव्हरीचा पुरावा, व्हॉट्सअ‍ॅपवर बाईंनी "मिळाली, छान आहे" लिहिलं असेल तर त्याचा फोटो, सगळं ऑर्डर नंबरच्या नावानं एका फोल्डरमध्ये. आणि उत्तर लिहिताना कथा लिहू नका. कारण जे दिलंय त्यालाच उत्तर. माल मिळाला नाही म्हणत असतील तर डिलिव्हरीचा पुरावा, साडी किती मेहनतीनं विणली याचा व्हिडिओ तिथे कामाचा नाही, तो वर्णनासारखी नाही म्हणतील तेव्हा लावा.

प्रश्न: मी २३ वर्षांचा आहे, राजेंद्र नगर, इंदूर. आमचं घरचं नमकीनचं काम आहे, लौंग शेव, मिक्सचर वगैरे. परदेशातल्या इंदूरकरांना पाठवायला सुरुवात केली, इंटरनॅशनल कार्ड चालू करून घेतलं. एका रात्री एकाच पत्त्यावर तीन ऑर्डर आल्या, तिन्ही वेगळ्या कार्डांवरून, मोठ्या. खूश होऊन पाठवल्या. तिन्हीवर फ्रॉडचा चार्जबॅक आला. इथल्या कार्डांना असं कधी झालं नव्हतं. आता गेटवेनं सेटलमेंट पण रोखलंय. इंटरनॅशनल बंद करू का?

उत्तर: वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

इथल्या कार्डांना असं झालं नाही याचं कारण ओटीपी. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड पेमेंटला दुसरी खात्री सक्तीची केली, आपण सगळे त्यावर चिडायचो, पण विकणाऱ्याला त्यानं केवढं वाचवलंय. ओटीपी घालून व्यवहार झाला असेल आणि मग कार्डवाला म्हणाला की हा मी केलाच नाही, तर साधारणपणे ती जबाबदारी कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते, तुझ्यावर नाही. बाहेरच्या कित्येक कार्डांवर ही पायरीच नसते, नंबर टाकला की पैसे गेले. म्हणजे कुणाचं तरी चोरलेलं कार्ड, त्यावर तुझी शेव, आणि खऱ्या मालकानं तक्रार केली की बोजा तुझ्यावर. त्या मालकाची यात काही चूक नाही रे, तोही लुटलाच गेलाय.

पण एक गैरसमज काढून टाक, ओटीपीमुळे फक्त "मी केलाच नाही" हे कारण अडतं. माल आला नाही, फुटका आला, वेगळा आला, यासाठी ओटीपी असला तरी चार्जबॅक येतोच, वरच्या ताईंचं तेच झालं.

इंटरनॅशनल बंद करू नकोस, बाहेर राहणाऱ्या माणसाला आपल्या गावची शेव मिळाली की तो आयुष्यभराचं गिऱ्हाईक होतो. गेटवेला विचार की बाहेरच्या कार्डांना थ्री-डी सिक्युअर (ओटीपीसारखी खात्रीची पायरी) असेल तरच पेमेंट घ्यायचं अशी सेटिंग मिळेल का. काही खरे गिऱ्हाईक त्यात सुटतील, चालेल. एका पत्त्यावर वेगवेगळी कार्डं, रात्री लागोपाठ ऑर्डर, कार्ड एका देशाचं आणि पत्ता दुसऱ्याच देशाचा, भाव न विचारता सगळ्यात महाग डबे, आणि "आजच पाठवा" ची घाई, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं की माल थांबव आणि फोन कर. खरा इंदूरकर असेल तर फोनवर दहा मिनिटं छप्पन दुकानच्याच गप्पा मारेल, लगेच कळतं. फोन उचलत नसेल तर पैसे स्वतःहून परत कर, चार्जबॅक यायच्या आधी.

जुनं गिऱ्हाईक पलटलं तर त्याचीही सोय आहे. विसानं एप्रिल २०२३ पासून असं केलंय की त्याच कार्डावरचे किमान १२० दिवस जुने, तक्रार न झालेले दोन व्यवहार दाखवले आणि आयपी अ‍ॅड्रेस (गिऱ्हाइकाच्या इंटरनेट जोडणीचा नंबर), डिव्हाइस, पत्ता, लॉगिन यातल्या दोन गोष्टी जुळल्या, त्यात एक आयपी किंवा डिव्हाइस हवंच, तर फ्रॉडचा दावा टिकत नाही. म्हणून वेबसाइटवर ऑर्डरबरोबर आयपी जपून ठेवला जातोय ना ते बनवणाऱ्याकडून बघून घे.

सेटलमेंट रोखलंय त्याबद्दल. चार्जबॅकचं प्रमाण वाढलं की गेटवे घाबरतो, कारण नेटवर्क त्याच्या बँकेला धरतं. मास्टरकार्डची एक मर्यादा महिन्याला १०० चार्जबॅक आणि १.५ टक्के प्रमाण अशी आहे, तू त्याच्या जवळपासही नाहीस, पण गेटवेचे आपले वेगळे निकष असतात. भांडायला फोनवर वेळ घालवू नकोस, लेखी विचार की किती रक्कम, कशासाठी, कधीपर्यंत. रिझर्व्ह बँकेच्या मार्च २०२० पासूनच्या पेमेंट अ‍ॅग्रिगेटरच्या (म्हणजे गेटवे चालवणाऱ्या कंपन्यांच्या) नियमांतच आलंय की तक्रार आणि वाद सोडवायची पद्धत जाहीर हवी आणि तक्रारींसाठी नोडल ऑफिसर नेमलेला हवा, त्याचं नाव गेटवेच्या वेबसाइटवर सापडेल, त्याला मेल कर, बिलं आणि कुरियरच्या पावत्या जोडून. मी हे केलेलं आहे, साध्या हेल्पलाइनवर तीन आठवडे नुसतं "लवकरच कळवू" ऐकलं आणि नोडल ऑफिसरला लिहिल्यावर मात्र नीट उत्तर आलं.

प्रश्न: गिऱ्हाइकानं खूप आरडाओरडा केला म्हणून मी त्यांना यूपीआयनं पैसे परत पाठवले. आठ दिवसांनी त्याच ऑर्डरचा चार्जबॅकही कापला गेला. दोनदा दिले की काय? — एक वाचक, रामबाग

उत्तर: हो, दोनदा गेले, आणि हे मी इतक्यांदा बघितलंय की कळवळून सांगते, परतावा नेहमी ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर आणि गेटवेच्या रिफंड बटणानंच करा. दुसऱ्या वाटेनं दिलेले पैसे बँकेला दिसत नाहीत. चार्जबॅक आधीच आला असेल तर रिफंड करूच नका, द्यायचेच असतील तर चार्जबॅक मान्य करा म्हणजे एकदाच जातात. तुम्ही आता यूपीआयचा यूटीआर नंबर (व्यवहाराचा बँकेतला नंबर), तारीख, आणि गिऱ्हाइकानं "पैसे मिळाले" लिहिलेला मेसेज जोडून मुदतीत उत्तर द्या, मेसेज नसेल तर आत्ता विचारा की मिळाले ना, आणि लेखी येऊ द्या.

प्रश्न: मी विकणारी नाही, घेणारी आहे. देवासहून लिहितेय. वेबसाइटवर रामा रंगाची साडी बघून मागवली, आली ती सरळ सरळ मोरपंखी, शिवाय काठ मशीनचा वाटतो. दुकानदार म्हणतो आमच्याकडे नो रिटर्न लिहिलेलं आहे. बँकेतला मुलगा म्हणाला चार्जबॅक टाका. पण कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये मला, हे करणं चूक आहे का?

उत्तर: चूक मुळीच नाही, तुमचा हक्क आहे. तुमचं पत्र मुद्दाम घेतलं, कारण वरची पत्रं वाचून कुणाला वाटेल की चार्जबॅक टाकणारे सगळे लबाड. नाहीत.

आधी दुकानदाराला लेखी कळवा, फोटो जोडा, दिवसाच्या उजेडात काढलेले, वेबसाइटवरच्या फोटोशेजारी ठेवून. २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांत आहे की माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विकणारा परत घ्यायला नकार देऊ शकत नाही, त्यापुढे "नो रिटर्न" ची पाटी चालत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. तेवढं थांबा, पण १२० दिवसांकडे लक्ष ठेवून थांबा. मग बँकेत जा आणि कारण खरं लिहा, "वर्णनाप्रमाणे नाही". बँकेतला मुलगा घाईत "मिळालीच नाही" किंवा "फ्रॉड" वर टिक करेल, करू देऊ नका, कारण दुकानदार डिलिव्हरीची सही दाखवेल आणि तुमची खरी तक्रार हरेल. साडी नेसू नका, घडी मोडू नका, परत करायची तयारी आहे हे लेखी कळवा.

(एक वेगळी गोष्ट, कार्डावर असा व्यवहार दिसला जो तुम्ही केलाच नाही, तर त्याला घाई हवी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे चूक बाहेरच्या कुणाची असेल आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर काही जबाबदारी येत नाही, उशीर केलात की यायला लागते.)

आणि साड्या विकणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, रामा आणि मोरपंखीचा हा घोळ दर सीझनला होतो, मोबाइलच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. ट्यूबलाइटखाली फोटो काढू नका, गच्चीवर सकाळी काढा, फिल्टर लावू नका, आणि खाली लिहा की हातमागाच्या साडीत रंगाचा थोडा फरक पडतो. काठ हातमागाचा असेल तर हँडलूम मार्कचं लेबल दिसेल असा फोटो टाका, आणि नसेल तर हातमाग लिहू नका, महेश्वरच्या विणकराच्या नावावर मशीनचा माल विकणं मला सहन होत नाही आणि तिथे चार्जबॅक आला तर मी तुमच्या बाजूनं एक ओळ लिहिणार नाही.

प्रश्न: मी कार्ड घेतच नाही, फक्त यूपीआय. मग मला हे काही लागू नाही ना? आणि मागच्या महिन्यात माझ्या भावाच्या खात्यावर बँकेनं ९,००० चा होल्ड लावला, त्यानं फक्त चादरी विकल्या होत्या. — एक वाचक, महू

उत्तर: लागू आहे. दुकानाच्या क्यूआरवर आलेल्या पैशावरही गिऱ्हाईक अ‍ॅपमधून किंवा बँकेतून तक्रार टाकू शकतो. पैसे अडकल्याच्या तक्रारी मात्र आता लवकर मिटतात, कारण फेब्रुवारी २०२५ पासून समोरच्या बँकेनं पैसे जमा झाल्याचं किंवा परत केल्याचं सिस्टीमला कळवलं की यूपीआयचा चार्जबॅक त्यावरून आपोआप मान्य किंवा रद्द होतो. पण माल मिळाला नाही म्हटलं तर पुरावा तुम्हालाच द्यायचा.

भावाचं प्रकरण चार्जबॅकचं दिसत नाही. कुणाला तरी फसवून काढलेले पैसे फिरत फिरत त्याच्या खात्यात आले असतील, फसलेल्यानं १९३० वर (सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन) तक्रार केली, आणि पैसे जिथे जिथे गेले तिथे होल्ड लागला. बँकेकडून तक्रारीचा अ‍ॅक्नॉलेजमेंट नंबर आणि कुठल्या राज्याच्या कुठल्या ठाण्यातली तक्रार आहे ते लेखी घ्या, मग चादरीचं बिल, पाठवल्याची पावती आणि गिऱ्हाइकाशी झालेलं चॅट त्या ठाण्याला मेल करा आणि बँकेलाही कॉपी द्या. "मी पैसे परत करून मोकळा होतो" असं म्हणून अनोळखी माणसाला परत पाठवू नका, कुणी फोन करून मागितले तरी नाही. आणि चादरीचं बिल फाडलंच नव्हतं असं तुमच्या पत्रावरून वाटतं, तसं असेल तर कुरियरची पावती शोधा, सहा महिन्यांच्या आतली असेल तर कुरियर ऑफिसात चौकशी करा, बहुतेक निघते.